कॅनव्हासचे बूट आणि ‘आयव्ही’ वेश : एका वेशरूढीचा चिन्हशास्त्रीय विचार

वेश ही भाषेसारखीच एक चिन्हव्यवस्था आहे, हे विधान आता इतके परिचित झाले आहे की ते तपासून पाहण्याच्या खटपटीत सहसा कोणी पडत नाही. प्योत्र बोगातिरेव यांनी १९३७ मध्ये मोरेव्हियन स्लोव्हाकियातील लोकवेशाच्या कार्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्राग संप्रदायाच्या वर्तुळात ह्या विचाराला शास्त्रीय शिस्त आली. पुढे रोलाँ बार्त यांनी १९५७ मधील एका निबंधात सोस्यूरप्रणीत भाषाव्यवस्था आणि भाषिक वर्तन हा भेद वेशाला लावून दाखविला, आणि १९६७ मधील आपल्या ग्रंथात फॅशनविषयक नियतकालिकांतील वेशाचे सूक्ष्म पृथक्करण केले. मात्र बार्त यांच्या ग्रंथाचा विषय वस्त्रे हा नसून वस्त्रांविषयी छापून आलेला मजकूर हा आहे, ही गोष्ट त्यांचा हवाला देणारे पुष्कळदा विसरतात. प्रत्यक्ष अंगावरच्या वस्त्राला व्याकरण असते काय, आणि असल्यास ते कोणत्या अर्थाने, हा प्रश्न त्यामुळे बराचसा मोकळाच राहिला आहे. त्याची परीक्षा एखाद्या भव्य राजवेशावर करण्यापेक्षा अगदी क्षुद्र वस्तूवर केलेली बरी. अमेरिकेच्या ईशान्य भागातील जुन्या विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या मध्यास जी अनौपचारिक वेशरूढी नांदत होती, तिच्यातील कॅनव्हासचा रबरी तळाचा बूट ही अशीच एक वस्तू होय.

ह्या बुटाची कुळकथा प्रथम पाहणे आवश्यक आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. गंधकासह तापवून त्याला स्थैर्य देण्याची प्रक्रिया १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर व इंग्लंडात टॉमस हॅनकॉक यांनी सिद्ध केली. गुडइयर यांचे अमेरिकन पेटंट १८४४ चे आहे. रबराचा तळ आणि जाड कापडाचा वरचा भाग एकमेकांस कायमचे जोडता येऊ लागले ते ह्यामुळेच. इंग्लंडात असे बूट समुद्रकिनारी वापरले जात, पुढे टेनिसच्या हिरवळीवर आले. त्यांचे कापड व तळ जेथे जुळतात तेथे रबराची एक आडवी पट्टी असते. सॅम्युएल प्लिमसोल ह्या लोकसभासदाच्या चळवळीमुळे १८७६ च्या कायद्याने इंग्लंडातील मालवाहू जहाजांवर भाररेषा आखणे सक्तीचे झाले होते. पाणी त्या रेषेच्या वर आले की जहाजाची धडगत नाही, तसेच बुटाच्या पट्टीवर पाणी आले की पायाची नाही, ह्या साम्यावरून ह्या बुटांना ‘प्लिमसोल’ हे नाव पडले. एका सुधारकाचे नाव जहाजावरून बुटावर उतरावे, हा अर्थसंक्रमणाचा नमुना कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभण्यासारखा आहे.

ब्रिटिश बेटांतील बोलींत मात्र ह्याच वस्तूला निरनिराळी नावे आहेत. ब्रिस्टल आणि दक्षिण वेल्स ह्या भागांत ‘डॅप्स’, मध्य व उत्तर इंग्लंडात ‘पम्प्स’, ईशान्येकडे आणि स्कॉटलंडात ‘सँडशूज’, उत्तर आयर्लंडात ‘गटीज’. ह्यांपैकी शेवटचा शब्द गटापर्चा ह्या चिकापासून निघाला असून गटापर्चा हा मूळचा मलाय भाषेतील शब्द आहे. एखाद्या शाळकरी वस्तूचे बोलीभूगोलाच्या नकाशावर इतके तुकडे व्हावेत ह्याचे कारण असे की ती वस्तू घराघरांत होती, परंतु तिचे नाव छापील भाषेत ठरण्यापूर्वीच मुलांच्या तोंडी ठरून गेले होते.

अमेरिकेत ‘स्नीकर’ हा शब्द रूढ झाला. त्याचा धात्वर्थ ‘चोरपावलांनी जाणे’ असा असल्याने मराठीत त्यास ‘चोरपावल्या’ म्हणता आले असते. एका जाहिरात संस्थेतील गृहस्थांनी १९१७ मध्ये हा शब्द घडविला, अशी कथा अद्याप पुष्कळ ठिकाणी छापली जाते. ती खरी नाही. बॉस्टनच्या एका शिक्षणविषयक नियतकालिकात १८८७ मध्येच हा शब्द आढळतो, आणि तेथेही तो मुलांनी टेनिसच्या बुटांना दिलेले नाव म्हणूनच येतो. त्याची समर्पकता त्रासलेल्या शिक्षकालाच पुरती कळेल अशी मिस्किल पुस्तीही तेथे जोडलेली आहे. शब्दांचे जनकत्व व्यापाऱ्यांकडे देण्याची लोकव्युत्पत्तीची हौस मोठी असते. वास्तविक व्यापारी बहुधा लोकांच्या तोंडचा शब्द उचलतात आणि नंतर त्यावर हक्क सांगतात.

व्यापाऱ्यांनी खरोखर घडविलेला शब्द वेगळाच आहे. युनायटेड स्टेट्स रबर कंपनीने १९१६ मध्ये आपले निरनिराळे कापडी बूट एकाच नावाखाली आणण्याचे ठरविले. प्रथम ‘पेड्स’ हे नाव योजिले होते. पायवाचक लॅटिन धातू त्यात स्पष्ट दिसतो, आणि तो संस्कृत ‘पद्’, ‘पाद’ ह्यांचा सख्खा भाऊ आहे. परंतु ते नाव अगोदरच कोणीतरी नोंदविलेले असल्यामुळे आद्य वर्ण बदलून ‘केड्स’ असे नाव करण्यात आले. एका वर्णाच्या बदलाने शब्दाची व्युत्पत्ती पुसली गेली आणि उरले ते निव्वळ यादृच्छिक चिन्ह. जिनिव्हात सोस्यूर यांच्या व्याख्यानांचे पुस्तक, ज्यात चिन्हाच्या यादृच्छिकतेचे तत्त्व मांडलेले आहे, ते याच १९१६ सालचे! अर्थात हा केवळ योगायोग, असो.

इतर जातींचे बूट थोडक्यात सांगता येतील. मॅसॅच्युसेट्समधील मॉल्डन येथे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या कॉन्व्हर्स कंपनीने १९१७ मध्ये बास्केटबॉलसाठी घोट्यापर्यंत उंच असा ‘ऑल स्टार’ बूट काढला. कॅनडाचे बॅडमिंटनपटू जॅक पर्सेल यांच्या नावाचा, चवड्यावर हसऱ्या ओठासारखी रेघ असलेला बुटका बूट १९३५ च्या सुमाराचा आहे. त्याच वर्षी कनेक्टिकटमधील पॉल स्पेरी यांनी ओल्या डेकवर न घसरणारा तळ तयार केला. बर्फावरून न घसरता धावणाऱ्या आपल्या कुत्र्याच्या पंजावरील भेगा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, हे सर्व बूट विशिष्ट कार्यासाठी जन्मले होते. एक टेनिस व बॅडमिंटनच्या अंगणासाठी, एक व्यायामशाळेच्या लाकडी फरशीसाठी, एक शिडाच्या नौकेसाठी. त्या कार्यातून ते जेव्हा सुटले, तेव्हाच त्यांना चिन्ह म्हणून अर्थ प्राप्त झाला. बोगातिरेव यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर व्यावहारिक कार्य मागे पडून सामाजिक कार्य पुढे आले.

आता ‘आयव्ही’ ह्या विशेषणाकडे वळावयास हरकत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेन्सिल्व्हेनिया ह्या आठ संस्थांचा क्रीडासंघ १९५४ च्या कराराने विधिवत् अस्तित्वात आला. परंतु ह्या विद्यापीठांच्या आवारातील वेशपद्धती त्याहून जुनी होती. तिची भांडारे दोन प्रकारची होती. एक म्हणजे न्यूयॉर्कचे ब्रुक्स ब्रदर्स (स्थापना १८१८) आणि न्यू हेवनचे जे. प्रेस (स्थापना १९०२) यांसारखी दुकाने. खांद्यांत भर न घातलेला सैल कोट आणि टोकांना गुंड्या असलेल्या कॉलरचा सदरा ही त्यांची देणगी. दुसरे भांडार म्हणजे सैन्य. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकन सरकारने उचलला आणि १९४७ मध्ये महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे असे माजी सैनिक होते. त्यांनी आपल्या खाकी विजारी तशाच वर्गात आणल्या. ‘खाकी’ हा शब्द ‘धूळ’ ह्या अर्थाच्या फारसी शब्दावरून आलेला. तो रंग लष्करात रूढ झाला तो १८४६ मध्ये पेशावरास उभारलेल्या गाइड्स पथकापासून. म्हणजे अमेरिकन तरुणाच्या सदऱ्याची रीत इंग्लंडच्या पोलो मैदानावरून, विजारीचा रंग वायव्य सरहद्दीवरून आणि पायातला बूट शिडाच्या नौकेवरून आला होता.

भारताचा ह्या वेशाशी असलेला संबंध एवढ्यावर संपत नाही. धुण्यात रंग सोडणारे चौकड्यांचे मद्रासी कापड १९६० च्या सुमारास ह्याच वर्गात आवडीचे झाले आणि रंग सोडणे हा दोष नसून गुण आहे अशी त्याची जाहिरात होऊ लागली. (येल विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते इलायहू येल हे १६८७ ते १६९२ पर्यंत मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचे गव्हर्नर होते, आणि १७१८ मध्ये त्यांनी पाठविलेल्या मालाचे नऊ गठ्ठे विकूनच त्या संस्थेला सुमारे ५६० पौंड मिळाले, हेही येथे आठवावे.) मराठी वाचकाला अधिक जवळचा शब्द ‘डंगरी’ हा आहे. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजी व्यापाऱ्यांच्या नोंदींत येते. त्याचे ‘डंगरीज’ हे रूप अमेरिकन आरमारातील खलाश्यांच्या निळ्या कामकरी कपड्यांस लागू झाले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विद्यार्थिनींच्या महाविद्यालयांत निळ्या जाड विजारी, पुरुषी सदरे व कॅनव्हासचे बूट असा वेश दिसू लागला तेव्हा त्या विजारींनाही हेच नाव होते. वेलस्लीच्या आवारातील जी विद्यार्थिनी आपल्या ‘डंगरीज’ दुमडून घेत होती, तिला आपण एका मराठी डोंगराचे नाव वापरीत आहोत ह्याची गंधवार्ताही नसणार. शब्दांना स्वतःचा प्रवास आठवत नाही; तो आठवण्याचे काम कोशकारांचे.

एवढ्या सामग्रीवरून मूळ प्रश्नाकडे येता येते. आयव्ही वेशात पायाच्या स्थानी येऊ शकणाऱ्या वस्तू मोजक्याच होत्या : दोरी नसलेला चामडी ‘लोफर’, पांढरा वा मळकट पडलेला ‘बक’, दुरंगी ‘सॅडल’ बूट, आणि कॅनव्हासचा बूट. भाषेत एकाच स्थानी परस्परांऐवजी येणाऱ्या घटकांचा जसा गण असतो, तसा हा गण होय. ह्या गणातील एका घटकाऐवजी दुसरा ठेवला असता अर्थ बदलतो काय, ही भाषाशास्त्रातील नेहमीची प्रतिस्थापनाची कसोटी येथे लावता येते आणि तिचे उत्तर होकारार्थी येते. इस्त्रीची खाकी विजार, निळा सदरा व चामडी बूट ह्या संचातील केवळ बूट बदलून पांढरा कॅनव्हास घातला की ‘वर्गाला जाणारा’ ह्याऐवजी ‘वर्ग सुटलेला’ असा अर्थ सिद्ध होतो. त्याच बुटावर कोट चढविला तर तिसराच अर्थ निघतो; औपचारिकतेच्या दोन पातळ्यांचा तो मुद्दाम केलेला संकर असतो, आणि संभाषणात एखाद्या विद्वानाने मध्येच बोलीतील शब्द टाकावा तसा तो ऐकू येतो. ह्या बुटाची व्यवच्छेदक लक्षणेही ठरलेली होती. तो बुटका असावा, पांढरा किंवा फिकट असावा, त्यावर नक्षी नसावी. घोट्यावर चढणारा उंच बूट, त्याच कारखान्याचा आणि त्याच कापडाचा असला तरी, दीर्घकाळ व्यायामशाळेतलाच राहिला. उंचीचा हा भेद कापडाच्या प्रतीपेक्षा अर्थदृष्ट्या महत्त्वाचा होता.

ह्याहून मनोज्ञ भाग मोज्यांचा आहे. हे बूट मोज्यांवाचून घालणे ही आयव्ही वेशातील एक ठळक रूढी होती, आणि तिचे मर्म पाणिनीच्या ‘लोप’ ह्या संकल्पनेइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही. लोप म्हणजे नुसते नसणे नव्हे. जेथे काही असावयास हवे होते तेथे ते न दिसणे, आणि न दिसूनही आपले कार्य करणे. कोकणातला शेतकरी वहाणा घालून बांधावरून जातो तेव्हा त्याच्या पायात मोजे नसतात, परंतु तेथे मोज्यांचा लोप झालेला नसतो, कारण त्यांची अपेक्षाच नसते. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याच्या उघड्या घोट्याला अर्थ येतो तो मात्र त्याच्या खणात मोज्यांचे जोड घडी करून ठेवलेले आहेत हे पाहणाऱ्याला ठाऊक असते म्हणून. शून्यप्रत्ययाचे मूल्य ह्याप्रमाणे व्यवस्थेतून येते. पायावर स्वतंत्रपणे वाचता येईल असे त्यात काही नाही.

मळाचेही तसेच. नवा कोरा, शुभ्र बूट घालून आवारात येणे हे कच्चेपणाचे लक्षण समजले जाई. चवड्याशी कापड विरलेले, पट्टी किंचित उसवलेली, रंग दुधाळ राखी झालेला असा बूट प्रतिष्ठित होता. ह्याच वर्गात सदऱ्याच्या झिजलेल्या कॉलरीला आणि कोपरावर ठिगळ लावलेल्या कोटालाही मान असे. थॉर्स्टाइन व्हेबलेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ खर्चाची जी मीमांसा केली, तिच्या हे वरवर पाहता विरुद्ध दिसते. येथे जणू दिखाऊ हेळसांड आहे. परंतु इटालियन लेखक कास्टिल्योने यांनी १५२८ मध्ये दरबारी पुरुषाच्या ठिकाणी सायास झाकणारी जी सहजता अपेक्षिली होती, तिच्याशी ह्या हेळसांडीचे नाते उघड आहे.

विल्यम लबॉव्ह यांच्या १९६६ मधील न्यूयॉर्कच्या इंग्रजीविषयक संशोधनाने ह्या प्रकारावर चांगला प्रकाश पडतो. सावधपणे बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे कनिष्ठ मध्यमवर्गीय लोक प्रतिष्ठित ‘र’काराचा उच्चार उच्चवर्गीयांहूनही अधिक करतात, असे त्यांना आढळले. ह्या अतिशुद्धतेचे मूळ असुरक्षिततेत आहे. ज्याचे स्थान पक्के आहे त्याला इतके जपून बोलावे लागत नाही. खडूने वा पांढऱ्या मलमाने चकचकीत केलेला बूट ही वेशातील अतिशुद्धता होय. शिष्यवृत्तीवर आलेला, आपण इथले नाही ह्याची जाणीव असलेला विद्यार्थी तो स्वच्छ ठेवतो, आणि त्या स्वच्छतेनेच उघडा पडतो.

येथे ह्या क्षुद्र वस्तूचा गंभीर पैलू समोर येतो. विरलेला कॅनव्हासचा बूट बॉस्टनच्या धनिकपुत्राच्या पायात होता, आणि दुसरा जोड घेण्याची ऐपत नसलेल्या गिरणीकामगाराच्या मुलाच्या पायातही होता. वस्तू एकच, तिची अवस्थाही एकच. अर्थ मात्र परस्परविरुद्ध. चिन्हाचे मूल्य ते कशाऐवजी निवडले गेले ह्यावर अवलंबून असते, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे निष्ठुरपणे खरा ठरतो, कारण ज्याला पर्यायच नाही त्याच्या वर्तनाला ‘निवड’ हा शब्द लागत नाही. आयव्ही वेशाच्या सहजतेची आज जी भाबडी स्तुती केली जाते, तिच्यात ही बाजू क्वचितच दिसते. ही सहजता ज्या आवारांत फुलली तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे प्रयत्न झाले होते; प्रिन्स्टन आणि येल येथे पदवीपूर्व वर्गांत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९६९ मध्ये; आणि अनेक ठिकाणी भोजनगृहात कोट व टाय अनिवार्य होते. म्हणजे ज्या वेशाला ‘अनौपचारिक’ म्हणावयाचे, त्याच्या सभोवती औपचारिकतेची भिंत होती. भिंत होती म्हणूनच तिच्या आतील सैलपणाला अर्थ होता. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते नियम उठले आणि तिथला कॅनव्हासचा बूट एकाएकी मुका झाला. सर्वत्रच सैलपणा असेल तर सैलपणाने सांगावयाचे काय?

परदेशी शिकणाऱ्याच्या हाती हेच व्याकरण कसे पडते, ह्याचे उदाहरण जपानात मिळते. केन्सुके इशिझू (१९११–२००५) यांच्या ‘व्हॅन जॅकेट’ ह्या संस्थेने युद्धोत्तर जपानी तरुणांत आयव्ही वेशाचा प्रसार केला. मातृभाषा म्हणून न मिळालेली भाषा शिकविण्यास नियम लागतात. इशिझू व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुरविले. वेळ, स्थळ आणि प्रसंग ह्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे त्यांनी केलेले ‘टी. पी. ओ.’ हे सूत्र जपानी भाषेत कायमचे रुजले. १९६४ च्या उन्हाळ्यात टोकियोतील गिंझा भागाच्या मियुकी रस्त्यावर असा वेश करून रेंगाळणाऱ्या तरुणांचे थवे दिसू लागले, आणि १० ऑक्टोबरला ऑलिंपिक सामने सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरात, पोलिसांनी त्यांची धरपकड केली. अमेरिकेत जो वेश प्रस्थापितांचा होता तोच टोकियोत उनाडांचा ठरला.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, तेरुयोशी हायाशिदा यांच्या छायाचित्रांचे ‘टेक आयव्ही’ हे पुस्तक निघाले. ते काढण्यासाठी जपानी मंडळी अमेरिकन विद्यापीठांत गेली तेव्हा त्यांची काहीशी निराशाच झाली. तीन गुंड्यांच्या कोटातले विद्यार्थी त्यांना अपेक्षित होते; भेटले ते आखूड विजारी, अंगाला लागून मऊ झालेले सदरे आणि अनवाणी पायांत मळके बूट घातलेले. व्याकरण पाठ करून गेलेल्या मनुष्याने प्रथमच देशी वक्त्यांचे भरधाव, अर्धवट गिळलेले बोलणे ऐकावे तसा हा प्रसंग होता. त्या मंडळींचे श्रेय असे की त्यांनी ‘अशुद्ध’ म्हणून ती छायाचित्रे टाकून दिली नाहीत. त्यांनी ती छापली, आणि क्षेत्रकार्याचा एक उत्तम संग्रह नकळत तयार झाला. ह्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती २०१० मध्ये अमेरिकेत निघाली आणि तेथील तरुण आपल्याच आजोबांची वेशभाषा जपानी पुस्तकावरून शिकू लागले. लुप्तप्राय बोलीचा जाणकार परदेशी निघावा, हा अनुभव भाषाशास्त्राला नवा नाही.

तथापि उपमेला मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. आंद्रे मार्तिने यांनी मानवी भाषेचे व्यावर्तक लक्षण म्हणून सांगितलेली द्विस्तरीय संधिबद्धता वेशात नाही. शब्द ज्या वर्णांचे बनतात त्या वर्णांना स्वतःचा अर्थ नसतो. वेशात मात्र असे निरर्थक घटक वेगळे काढता येत नाहीत. बुटाचा रंग, उंची, मळ ह्यांपैकी प्रत्येक लक्षण स्वतःच काही ना काही सुचविते. शिवाय वेशाला नकार देता येत नाही, प्रश्न विचारता येत नाही, काल उद्या असा भेद करता येत नाही. आणि बोलणारा गप्प बसू शकतो, तसे वेशाच्या बाबतीत समाजात वावरताना शक्य नाही. पायात काहीतरी असते किंवा नसते, आणि दोहोंचाही अर्थ लावला जातो. तेव्हा वेशाला ‘व्याकरण’ असते हे म्हणणे खरे, परंतु ते औपचारिकतेच्या पातळ्या, सामाजिक स्थान आणि समूहनिष्ठा ह्या मर्यादित अर्थक्षेत्रापुरते. सामाजिक भाषाविज्ञानाला ज्या उच्चारभेदांशी काम पडते त्यांच्याशी वेशाची तुलना करावी. वाक्यविचाराशी करू नये.

ह्या मर्यादित अर्थाने पाहिले म्हणजे आपल्याकडचे उदाहरणही नीट उलगडते. महाराष्ट्रातील शाळांत कवायतीच्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे असत, आणि आदल्या रात्री ते धुऊन त्यांना पांढरे मलम लावणे किंवा ऐन वेळी खडू घासून डाग झाकणे हा अनेक पिढ्यांचा अनुभव आहे. येथे शुभ्रता हा नियम आणि मळ हा दंडनीय अपराध; न्यू हेवनमध्ये शुभ्रता हा संकोच आणि मळ हे भूषण. कापड तेच, रबर तेच, पांढरा रंगही तोच. एका व्यवस्थेत हा बूट गणवेशाचा भाग आहे, दुसरीत गणवेश झुगारल्याचा आविर्भाव. म्हणून त्यांच्यातील साम्य हे दोन भाषांत योगायोगाने सारख्याच उच्चाराचे शब्द असावेत इतपतच मानावे.

शब्दांची पुढील हकीकतही उद्बोधक आहे. १९७० नंतर फेसाळ तळांचे, कृत्रिम धाग्यांचे धावण्याचे बूट आले आणि अमेरिकन इंग्रजीत ‘स्नीकर’ हे त्यांचेही नाव झाले. परिणामी मूळ वस्तूला ‘कॅनव्हास स्नीकर’ असे विशेषण घेऊन वावरावे लागले. वनस्पती तूप बाजारात आल्यावर घरच्या तुपाला ‘साजूक’ हे विशेषण आवर्जून लावावे लागले, तशातलाच हा प्रकार. आजही हा शब्द सर्व अमेरिकेचा नाही. बर्ट व्हो यांच्या २००३ मधील बोलीपाहणीत सुमारे ४५ टक्के लोकांनी ‘स्नीकर्स’ आणि सुमारे ४१ टक्के लोकांनी ‘टेनिस शूज’ असे उत्तर दिले. पहिला शब्द मुख्यतः ईशान्येकडचा, म्हणजे नेमका आयव्ही विद्यापीठांच्या प्रदेशातला. जपानीत अशा बुटांचे जुने नाव ‘झुक्कू’ हे डच भाषेतील ‘कापड’ वाचक शब्दावरून आलेले आहे, आणि जाड कापडाचे इंग्रजी ‘डक’ हे नावही त्याच डच शब्दाचे अपत्य आहे.

‘केड्स’चा प्रवास मात्र सर्वांत दूरचा झाला. रशियन भाषेने अंत्य ‘स’ हा इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय आहे हे ओळखून तो काढून टाकला आणि आपला प्रत्यय लावून ‘केदी’ असे सामान्यनाम केले. त्याचे एकवचन पुल्लिंगी मानावे की स्त्रीलिंगी ह्यावर तेथे वाद होत आला आहे. बंगालीने उलट ‘केड्स’ हे रूप प्रत्ययासकट गिळले आणि तेथे तो कोणत्याही कंपनीच्या कापडी बुटाचा वाचक झाला. मराठीत ‘बूट’ हा शब्द व्यंजनान्त पुल्लिंगी असल्यामुळे एक बूट आणि दोन बूट ह्यांत प्रथमेचे रूप बदलत नाही, आणि जोडीने वापरावयाच्या वस्तूला ते सोयीचेही पडते. अलीकडे रूढ झालेला ‘स्नीकर्स’ हा शब्द मात्र इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय घेऊनच आला, आणि सामान्यरूप होताना ‘स्नीकर्सचा’, ‘स्नीकर्सना’ असा तो प्रत्यय प्रकृतीतच मुरलेला दिसतो. म्हणजे रशियनाने जे केले ते मराठीने केलेले नाही, बंगालीने केले तेच ती करीत आहे.